लेस: राहून गेलेला धडा

या वीकेंडचा विषय आहे बुटाची लेस. हसू नका, विषय दिसतो तेवढा किरकोळ नाही. गेल्या दीडशे वर्षांत आपण बूट घेतले, त्यांच्याबरोबर लेसही आली, पण ती कशासाठी असते हे शिकायचं मात्र राहून गेलं, असं माझं मत आहे. ते पटवून द्यायचा हा प्रयत्न.

पुरावा हवा असेल तर रविवारी सकाळी उपवन तलावावर जा, नाहीतर ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर. धावणारे, चालणारे भरपूर. पायात चांगले महागाचे बूट. सोलमधल्या फोमवर, वजनावर, कुशनवर मंडळी तासभर बोलू शकतात. आता लेसकडे बघा. दुकानातून जशी ओवून आली होती तशीच आहे. गाठ बहुतेक पहिल्या आठवड्यात मारलेली. ती न सोडताच पाय आत कोंबला जातो, टाचेमागचा कडक भाग चेपून मऊ पडलेला असतो. मग नख काळं पडलं, टाचेला फोड आला, पायाचा वरचा भाग बधिर झाला, की दोष बुटाला. पुढच्या महिन्यात नवा बूट. दोन-तीन वेळा असं झालं की धावणंच बंद.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बूट हे एक पॅकेज आहे आणि त्यात वापरणाऱ्याला बदलता येईल असं सेटिंग जवळजवळ एकच आहे, ते म्हणजे लेस. कंपनी बूट बनवते तो एका साच्यावर. त्या साच्याचा पाय कुणाचाच नसतो, तो सरासरीचा पाय असतो. आठ नंबरचे दोन पाय घ्या. एकाचा चवडा रुंद आणि टाच निमुळती, दुसऱ्याचा वरचा भाग उंच आणि बोटं लांब. डबा दोघांना एकच मिळतो. साचा आणि खरा पाय यांच्यातला फरक भरून काढायचं काम लेसचं. आपण ते डिफॉल्टवर सोडून देतो.

ही कल्पना मात्र खूप जुनी आहे. आर्मेनियातल्या एका गुहेत सापडलेल्या चामडी बुटाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बूट सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. गाईच्या कातड्याचा एकच तुकडा पायाभोवती गुंडाळलेला, त्याला भोकं पाडलेली आणि भोकांतून चामड्याची वादी ओवून आवळलेली. म्हणजे चाकावरच्या गाड्या अजून सगळीकडे पोचायच्या होत्या तेव्हा माणसाला हे कळलं होतं की कातडं पायावर नुसतं घालून भागत नाही, ते पायाच्या आकाराला बांधावं लागतं.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली, आणि त्याला कारण होतं. आपलं पायताण म्हणजे वहाण, चप्पल, जोडा. उंबऱ्यापाशी पायाच्या एका हालचालीत निघालं पाहिजे. घरात शिरताना काढा, देवळात काढा, जेवणाच्या पंगतीला काढा, दुसऱ्याच्या ओटीवर काढा. दिवसातून दहा वेळा काढायची वस्तू कुणी बांधत बसत नाही. आपल्या हवेतही ते बरोबर होतं. कोकणच्या पावसात बंद चामडी बूट म्हणजे शिक्षाच. कोल्हापुरीला लेस नाही यात कारागिराचं काही कमी पडलं असं नाही. त्या चपलेला ज्या घरात जायचं होतं त्या घराचा नियमच तसा होता.

अशा समाजात लेसचा बूट आला तो साहेबाबरोबर, आणि आला तो पोशाख म्हणून. १८६८ मध्ये लॉरेन्स गव्हर्नर जनरल असताना सरकारने दरबार आणि सरकारी समारंभांसाठी याबाबत ठराव केला. मथितार्थ असा, की युरोपियन पद्धतीचे बूट-मोजे घालून येणाऱ्या देशी माणसाने ते काढायची गरज नाही, पण देशी जोडा घालून येणाऱ्याने तो काढावा. बघा, एकाच माणसाचा एकच पाय, आणि मान ठरतो तो वर काय घातलंय त्यावर. तेव्हा बुटाची लेस नीट बांधणं म्हणजे टापटीप दिसणं. पायाला तो कसा बसतो हा प्रश्न दुय्यम, किंवा नव्हताच.

दुसरीकडे, जे खरोखर पळत होते त्यांच्या पायात काहीच नव्हतं. १९१९ ची गोष्ट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत लांब पल्ल्याच्या शर्यतीला आसपासच्या शेतकरी घरांतली मुलं उतरली. अनवाणी. ना त्यांना युरोपियन नियम माहीत, ना आधुनिक सराव. पण टाटांनी नंतर एका पत्रात लिहिलंय की त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या वाटल्या. त्यातूनच पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा संघ गेला, चार धावपटू आणि दोन पैलवान. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत आले आणि एकोणिसावे ठरले. त्या वर्षीचं अंतर नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. आज पगारदार माणसाने वर्षभर सराव करून तीन तासांच्या आत मॅरेथॉन काढली तर ऑफिसात केक कापतात. हे शंभर वर्षांपूर्वीचं आहे.

म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे दोन जगं होती. एकात बूट होते पण धावणं नव्हतं. दुसऱ्यात धावणं होतं पण बूट नव्हते. बूट पायाला कसा बांधला म्हणजे धावताना उपयोगी पडतो, हे ज्ञान तयार व्हायला ही दोन जगं एकत्र यावी लागतात. ती आपल्याकडे फार उशिरा आली.

ती एकत्र आली की काय होतं याचं उदाहरण म्हणजे १९६० चं रोम ऑलिंपिक. आपल्याला ते आठवतं मिल्खा सिंग यांच्या हुकलेल्या ब्राँझमुळे. त्याच ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. ती गोष्ट आपण 'बूट लागतच नाहीत' याचा पुरावा म्हणून सांगतो. पण तो अनवाणी का धावला? त्याला मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणून. न बसणाऱ्या बुटापेक्षा मोकळा पाय बरा, एवढाच त्याचा हिशोब. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि वेळ तीन मिनिटांनी कमी होती.

रोमच्या त्याच शर्यतीत तिसरा आला न्यूझीलंडचा बॅरी मॅगी. त्याचा प्रशिक्षक होता आर्थर लिडियार्ड. त्याच्याच शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, त्या ऑलिंपिकमध्ये ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदकं घेतली. लिडियार्डचा पोटापाण्याचा धंदा कोणता, तर ऑकलंडच्या बुटाच्या कारखान्यात नोकरी. हा माणूस दिवसा बूट करत होता आणि इतर वेळी पळत होता. त्याचं म्हणणं असं की लेसची फुली पायाच्या वरच्या शिरांवर आणि स्नायुबंधांवर दाबते, तेव्हा ती तिथे येऊच देऊ नका. लेस आडव्या समांतर पट्ट्यांत ओवा आणि वर चढवताना बाजूच्या कडेखालून न्या. लेस ओवण्याची ही रीत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. बूट करणारा आणि पळणारा एकाच डोक्यात आले की असा शोध लागतो.

आपल्याकडे मात्र सर्वसामान्य घरात लेस शिरली ती शाळेच्या गणवेशातून. १९३० च्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर उभं राहिलं आणि कॅनव्हासचे स्वस्त बूट देशभर पोचले. पीटीचे पांढरे बूट आठवत असतील. शुक्रवारी रात्री धुवायचे, पांढरं लावायचं, खिडकीत वाळवायचे, शनिवारी तपासणी. सर काय बघायचे? बूट पांढरा आहे का, लेस लोंबत नाही ना. आईने एक नंबर मोठा घेतलेला असायचा, पुढच्या वर्षीही चालावा म्हणून. त्यामुळे पाय आत घसरणार हे ठरलेलंच. लेस तीन भोकं खाली सोडून कशी आवळली तर मोठा बूटही टाच धरून बसतो, हे दहा वर्षांच्या शाळेत एकदाही कुणी सांगत नसे. एनसीसीत लेस सगळ्यांची एकसारखी असावी हे शिकवलं, पायाला कशी बसावी हे नाही. आणि आता तर लहान मुलांच्या बुटांना वेल्क्रो आलंय. गाठ मारायला शिकण्याचं वयच पुढे सरकलं.

मग २००४ च्या फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि नोकरदार मंडळी पळायला लागली. ठाण्यात महापालिकेची वर्षा मॅरेथॉन त्याच्या कितीतरी आधीपासून होती. २०१९ नंतर तिच्यात काही वर्षं खंड पडला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा झाली. ऑगस्टमधली शर्यत, म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. आणि लेसची खरी परीक्षा पावसातच होते. बूट भिजतो, जड होतो, मोजा आतल्या आत सरकतो, कापड सैल पडतं. सुरुवातीला घट्ट वाटलेला बूट पाचव्या किलोमीटरला वेगळाच असतो. त्यात लांब पळताना पाय सुजून थोडा मोठा होतो तो वेगळाच. एका जागी जास्त दाब, दुसऱ्या जागी घसरण. नखं आणि फोड तिथूनच सुरू होतात.

आता थोडं विज्ञान. २००२ मध्ये बुर्कार्ड पोल्स्टर या मोनाश विद्यापीठातल्या गणितज्ञाने 'नेचर'मध्ये लेसचं गणित मांडलं. भोकांच्या सहा जोड्या असतील आणि प्रत्येक भोक बूट आवळण्याच्या कामी आलं पाहिजे अशी अट घातली, तर लेस ओवण्याचे ४३,२०० मार्ग निघतात. त्यात सगळ्यात जास्त ओढ देणारे कोणते? भोकांमधल्या अंतरानुसार एकतर नेहमीची फुली-फुलीची रीत, नाहीतर आडव्या पट्ट्यांची. म्हणजे माणसाने शेकडो वर्षांच्या अनुभवातून जे शोधलं तेच गणितानेही सांगितलं. मला हे फार आवडतं.

पण ओढ जास्त म्हणजे आराम जास्त असं नाही. २००९ मध्ये जर्मनीत हागेन आणि हेनिग या संशोधकांनी २० अनुभवी धावपटूंना एकाच बुटात वेगवेगळ्या रीतीने लेस बांधून पळवलं. कधी एक-दोनच भोकं वापरून, कधी सातही, कधी सैल, कधी घट्ट. सातही भोकं वापरली तेव्हा टाचेखालचा दाब सगळ्यात कमी निघाला. घट्ट आणि वरपर्यंत बांधलेल्या बुटात पाय आतल्या बाजूला कलंडण्याचा वेगही कमी झाला. थोडक्यात, बुटातल्या ज्या महाग कुशनचे आपण पैसे दिले ते कुशन कामाला लागतं, पण पाय बुटाला नीट जोडलेला असेल तरच. नाहीतर बूट एकीकडे आणि पाय एकीकडे.

ते सातवं भोक तुम्ही पाहिलं असेल. घोट्याजवळ, ओळ सोडून जरा मागे. बहुतेकांच्या बुटात ते जन्मभर रिकामं राहतं. ते टाच धरण्यासाठी आहे. लेस सहाव्या भोकातून बाहेर आली की तिकडे पलीकडे न नेता त्याच बाजूच्या सातव्या भोकात आत घाला, बाहेर एक छोटा फास राहू द्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता डावं टोक उजव्या फासातून, उजवं टोक डाव्या फासातून काढा, खाली-मागे ओढा आणि मग नेहमीची गाठ मारा. टाच जागची हलत नाही. येऊरच्या उतारावर हा प्रयोग करून बघा. उतरताना पाय पुढे घसरतो आणि अंगठा बुटाच्या नाकावर आपटत राहतो, काळ्या नखाचं मूळ ते. टाच धरली की अंगठा सुटतो.

बाकीच्या खुब्याही सोप्या आहेत. पायाचा वरचा भाग दुखत असेल किंवा बोटं बधिर होत असतील तर जिथे दाबतंय नेमकी तिथलीच फुली गाळा. लेस त्याच बाजूने सरळ वरच्या भोकात न्या आणि मग पुन्हा फुल्या सुरू करा. चवडा रुंद असेल तर बोटांजवळची पहिली जोडी रिकामी सोडा. अंगठ्याच्या नखाला बूट लागत असेल तर लेसचं एक टोक अंगठ्याजवळच्या भोकातून तिरकं थेट समोरच्या बाजूच्या सगळ्यात वरच्या भोकात न्या आणि दुसऱ्या टोकाने उरलेली भोकं भरा. वरून ओढलं की अंगठ्यावरचं कापड किंचित उचललं जातं. आणि आवळायचं नेहमी खालून वर, एकेक ओळ. फक्त वरची टोकं ओढून खालपर्यंत ताण पोचत नाही, मधल्या भोकांतलं घर्षण तो खातं.

राहता राहिली गाठ. २०१७ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने ट्रेडमिलवर लेस सुटताना टिपली. पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट झटका बसतो आणि ती किंचित सैल पडते. पाय पुढे फेकला जातो तेव्हा लोंबणारी टोकं तिला ओढतात. एकदा सुटायला लागली की दोन-चार पावलांत खेळ खलास. त्यांनी हेही दाखवलं की गाठीच्या दोन जातींपैकी एक लवकर सुटते. तुमची कोणती आहे हे ओळखणं सोपं आहे. फुलपाखराचे पंख बुटाला आडवे राहिले तर गाठ बरोबर. ते वळून बोटांकडे आणि घोट्याकडे झाले तर उलटी. उपाय एवढाच, की पहिली अढी घालताना डावं वर ठेवत असाल तर उजवं वर ठेवा. गुळगुळीत गोल लेसला तर याची जास्तच गरज.

बूट पायातून निघण्याची किंमत काय असते हे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दिसलं. साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. या शर्यतीत पाण्यातून सात उड्या असतात, बूट भिजणार हे ठरलेलं. प्राथमिक फेरीत इथिओपियाच्या एतेनेश दिरोचा बूट धक्काबुक्कीत निघाला. तिने तो पुन्हा घालायचा प्रयत्न केला, जमेना, मग बूट आणि मोजा फेकून एक पाय अनवाणी ठेवून शर्यत पुरी केली. ती सातवी आली आणि अपील मान्य झालं म्हणून अंतिम फेरीत पोचली. तिला धक्का लागला होता, तिच्या लेसचा दोष नव्हता. पण आघाडीवरून थेट सातव्या जागी यायला एक निघालेला बूट पुरतो हे सगळ्या जगाने पाहिलं.

हे सगळं तुमच्या-माझ्या काळ्या नखांपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. आपल्याला नवा बूट परवडतो. पण ठाण्याहून शहापूर किंवा जव्हारकडे दोन तास जा, नाहीतर नाशिक जिल्ह्यात. तिथली मुलं आजही अनवाणी पळतात, आणि वेगाने पळतात. सावरपाड्याची कविता राऊत अशीच अनवाणी पळायला लागली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं ब्राँझ घेऊन आली. अशा मुलांना आता आपल्याकडचे ग्रुप, कंपन्या, मंडळं बूट वाटतात. चांगलं काम आहे, करावंच. पण त्या मुलाच्या बाजूने बघा. जन्मभर मोकळा राहिलेला त्याचा चवडा पसरट झालेला असतो. मिळालेला बूट अंदाजाने आणलेला असतो, बहुधा एक नंबर मोठा. तो तसाच पायात सरकवून तो पळतो, टाचेला फोड येतो, वेळ वाढते. तो बूट काढून ठेवतो आणि सगळे म्हणतात, यांना सवय नाही. बिकिलानेही रोममध्ये हेच केलं होतं, आणि तिथे कुणी त्याला सवय नाही म्हटलं नाही.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. पुढच्या वेळी बूट वाटायला गेलात तर फोटोच्या आधी पाच मिनिटं काढा. मुलाला खाली बसवा, टाच मागे टेकवा, खालून एकेक ओळ आवळा, चवडा रुंद असेल तर पहिली जोडी सोडा, सातव्या भोकाचा फास दाखवा, मग त्याच्याकडून एकदा करून घ्या. खर्च शून्य. आणि तो करायला आपल्याला आधी स्वतःच्या बुटाची ती जुनी गाठ सोडावी लागेल. आज संध्याकाळी सोडून बघा. घट्ट बसली असेल तर चमच्याच्या दांड्याने सुटते.